वाघमारे सरांची शिक्षा

आठवीत मी निनादचा दात पाडला.

कारण आता आठवतही नाही. तेव्हा मला कारण लागायचंच नाही. त्या वर्षातली ती माझी चौथी मारामारी. हेडमास्तर दाखला हातात ठेवायच्या बेतात होते.

आमचे सायन्सचे वाघमारे सर म्हणाले, "आठ दिवस द्या मला."

मग माझ्याकडे वळून, "आज संध्याकाळी निनादच्या घरी जायचं. चहा प्यायचा. आणि त्याच्या आईला सांगायचं, की मारणारा मी."

छड्या परवडल्या असत्या.

गेलो. काकूंनी कौतुकानं आत घेतलं. "मित्र का रे त्याचा? बघ ना, कुणा नालायकानं दात पाडलाय!"

निनाद गाल धरून बघत बसला. चहा प्यायलो, दोन खारी खाल्ल्या आणि सटकलो.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "सांगितलंस?"

"नाही सर."

"म्हणजे पाहुणचार झोडून आलास. छान. आज परत जा."

परत गेलो. कप हातात आला तेव्हाच बोलून टाकलं, "काकू, तो नालायक मीच."

पुढची दहा मिनिटं काकू जे बोलल्या, ते फेसबुकवर लिहिण्यासारखं नाही. मग माझ्या हातातला कप काढून घेतला. म्हटलं, संपलं.

"गार झालाय. गरम करून आणते," म्हणाल्या.

मी तिथेच रडलो. दाखला टळला, आणि हळूहळू हातही आवरला.

पण सर मला खरे कळले ते नववीत.

लॅबमधला मायक्रोस्कोप फुटला. मी नाही म्हणत होतो, तरी सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "इरफान, खोटं बोलू नकोस."

दोन दिवसांनी दुसऱ्याच मुलानं कबूल केलं.

त्या संध्याकाळी सर कसबा पेठेतल्या आमच्या घरी आले. त्यांना दारात बघून अब्बांनी थेट माझी कॉलर धरली.

"सोडा त्याला," सर म्हणाले. "चूक माझी आहे. मी याला वर्गासमोर खोटा ठरवला. उद्या वर्गातही सांगणार आहे."

अब्बा गडबडले. "अहो सर, तुम्ही कशाला... बसा ना तुम्ही."

"इरफान म्हणाला तर बसतो."

चौदा वर्षांचा होतो मी. तोवर कुठलाही मोठा माणूस माझ्या शब्दासाठी थांबला नव्हता.

"बसा सर."

काल सर गेले. फोन निनादचाच आला. आज आम्ही दोघांनी मिळून खांदा दिला. वाईट वाटतंय, पण खरं सांगतो, मन शांत आहे. वेळेवर भेटले मला सर.

आता मी खराडीतल्या ऑफिसात चौदा जणांची टीम सांभाळतो. चिडतो अजूनही. पण चुकलो तर ज्यांच्यासमोर बोललो, त्यांच्यासमोरच सॉरी म्हणतो. नव्या पोरांना नवल वाटतं.

गेल्या रविवारी लेकीवर उगाच ओरडलो. नंतर तिच्या खोलीशी जाऊन म्हणालो, "चुकलं माझं. आत येऊ?"

"थांबा, मी विचार करतेय," ती म्हणाली.

नऊ वर्षांची आहे. चांगली वीस मिनिटं घेतली तिनं.

मी थांबलो, सर.

शेवटचा जय भीम.