दोन एकर द्राक्षं आणि साळुंक्या

शेतावर माल साठो न साठो, किस्से साठतातच. माझे थोरले भाऊ, म्हणजे आबा, यांनी सोनगीरजवळ दोन एकर द्राक्षबाग लावली तेव्हापासून माझ्याकडे तर गोदाम भरलंय. शिरपूरला ऑफिसात सांगतो, लोक हसतात. मीही हसतो, पण मनातून नाही.

*

सगळा गाव कपाशीवाला. शेजारचे नाना बांधावरून म्हणाले, "आबा, अंगूर नाशिकले शोभस, आठे नही."

आबा म्हणाले, "तीन हंगाम देखसू. एक बी हंगाम हाते लागना तं बाग ठेवसू. नही तं मीच तोडसू."

तिनातला एक हंगाम जरी साधला तर बाग राहणार, नाही तर कुऱ्हाड. आबा बोलले की बोलले. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

*

पहिल्या हंगामात थंडी सरता सरता मणी गोडावले आणि साळुंक्या, बुलबुल हजर झाले. आबांनी शिकऱ्याचा आवाज काढणारं मशीन आणलं. दोन दिवस पाखरं फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी तो आवाज ऐकून खरा शिकरा आला! त्यानं वहिनीच्या कोंबडीचं पिल्लू उचललं आणि गेला. साळुंक्या परत घडांवर.

वहिनी आबांना म्हणाली, "पाव्हना तुम्हीन बलावा, नि पिल्लू मनं गयं."

*

नुकसानीच्या पंचनाम्याला एक साहेब आले. "कोणता प्राणी?"

"साळुंकी, बुलबुल."

"भरपाईच्या यादीत पाखरं बसत नाहीत. रानडुक्कर लिहू का?"

आबांनी डोक्यावरच्या मांडवाकडे बघितलं. "साहेब, डुक्कर वर कसं चढलं, तेही तुम्हीच लिहा."

साहेबांनी फाईल मिटली. खोटं बोलायला आबांची जीभ वळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा महागात पडल्यासारखं वाटलं.

*

दुसऱ्या वर्षी जाळी लावली, पाखरं थांबली. व्यापारी आला, एक मणी चाखून म्हणाला, "आंबट आहेत. आठ दिवस थांबा."

त्याच्या पायाशीच कोल्ह्याची विष्ठा पडली होती, द्राक्षाच्या सालींनी भरलेली. खाली लोंबणारे घड रोज तोच संपवत होता. आबा मला म्हणाले, "कोल्हाले गोड लागस, नि याले आंबट."

थांबलो. सहाव्या दिवशी गारपीट झाली. व्यापाऱ्यानं नंतर फोनही उचलला नाही.

*

तिसऱ्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस, मग डावणी रोग. घड जागीच काळे पडले. पाखरांनासुद्धा काही उरलं नाही.

नाना सांत्वनाला आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "मी सांगेल व्हतं." आबांनी त्यांना चहा पाजला. मी त्यांच्या जागी असतो तर पाजला नसता.

दुसऱ्या दिवसापासून आबा एकटे कुऱ्हाड घेऊन बागेत. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू बाजूले सर." पाच दिवस लागले. मला त्यांचा रागच आला. शब्द पाळायचा म्हणून एवढा?

*

पुढच्या माघातली गोष्ट. वेल गेले होते, पण लोखंडी अँगल आणि तारा काढायच्या राहिल्या होत्या. रविवार होता. ओट्यावर मी आणि आबा न्याहारीला बसलो होतो. एकदम कलकलाट झाला. साळुंक्यांचा थवा आला आणि रिकाम्या तारांवर ओळीनं बसला.

आबा ताटावरून उठले. भाकरी बाजूला टाकली, तेच ताट उचललं आणि चमच्यानं बडवत अनवाणी शेतात धावले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, "हाऽऽ हाऽऽ" करत. थवा उडाला तेव्हाच थांबले.

धापा टाकत परत आले. वहिनी हळूच म्हणाली, "अहो, बाग कोठे शे आते?"

आबा म्हणाले, "त्यासले कोठे माहीत शे?"