खेळणं आधी ओढून बघायचं

बाळकुमला आमच्या सोसायटीच्या पार्किंगशेजारी एक खोली आहे. तिथे आम्ही दोघी लहान मुलांसाठी खेळण्यांची आणि पुस्तकांची लायब्ररी चालवतो. एक खेळणं आणि एक पुस्तक घरी न्यायचं, आठवड्याने परत आणायचं. काय कोणाकडे गेलंय ते वहीत लिहिलेलं असतं. पण या खोलीत जे घडतं ते कुठे लिहून ठेवायचं, हे मला सात वर्षांत कळलेलं नाही. ते डोक्यातच साठत जातं. भाजी घेताना मधेच काहीतरी आठवतं आणि मी हातात भेंडी धरून तशीच उभी राहते. भाजीवालीला आता सवय झालीय.

दोघी म्हणजे मी आणि विजूताई. मी बालवाडीत शिकवायचे. विजूताई वागळे इस्टेटमधल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात पंचवीस वर्षं माल तपासायच्या. लायब्ररी काढायची कल्पना माझी. ती कोणाच्या जिवावर बेतू नये ही काळजी त्यांची.

०

सुरुवातीला आम्ही सोसायटीत जुनी खेळणी मागितलेली. खोली भरली. मी खूश. विजूताई घरून सव्वा इंची पाइपचा एक तुकडा घेऊन आल्या आणि एकेक खेळणं त्यात घालून बघायला लागल्या. जे या पाइपातून आरपार जातं ते लहान बाळाच्या घशातही जातं, एवढंच त्यांनी मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत निम्मी खेळणी बाद.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका एक मोठं, मऊ अस्वल घेऊन आले. मुलाने परदेशातून पाठवलेलं, नातवाचं लाडकं. द्यायचं नव्हतं, नुसतं तपासून हवं होतं. विजूताईंनी त्याचा डावा डोळा दोन बोटांत धरला आणि ओढला. डोळा हातात आला. पाइपात टाकला, तो खाली टेबलावर टपकन पडला.

काका चिडतील असं मला वाटलं. त्यांनी तो काळा मणी उचलून तळहातावर घेतला. मग म्हणाले, नातू झोपतो याला घेऊन.

दुसऱ्या दिवशी ते घरातली सगळी खेळणी दोन पिशव्यांत भरून घेऊन आले आणि विजूताईंसमोर स्टुलावर बसले. एखाद्याने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसावं तसे.

०

एक इंजिनिअर बाबा यायचे. मुलगा चार वर्षांचा, नाव आरुष. बाबांना प्रत्येक खेळण्याने मेंदूचा नेमका कुठला भाग वाढतो ते हवं असायचं. मी आपली सांगायचे, की मुलाला त्याच्याशी परत परत खेळावंसं वाटलं की बाकीचं होतं आपोआप. त्यांना ते पटायचं नाही.

एकदा ते फोनवर बोलत बाहेर गेले आणि आरुषने चोवीस तुकड्यांचं जिगसॉ पझल जमिनीवर ओतलं. सगळे तुकडे त्याने पालथे केले. चित्राची बाजू खाली, कोरा पुठ्ठा वर. मी म्हटलं, अरे उलटं धरलंयस. त्याने मान वर केली नाही. तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि बसवायचा.

बाबा आत आले तेव्हा शेवटचे तीन तुकडे राहिलेले. ते दारातच थांबले. मग खाली बसून त्यांनी विचारलं, चित्र का नाही बघितलंस?

आरुष म्हणाला, "चित्र बघितलं की लगेच संपतं."

त्यानंतर बाबांनी मला मेंदूबद्दल काही विचारलं नाही. ते स्वतःच पालथे तुकडे घेऊन बसायचे. अजून जमत नाही त्यांना.

०

हा प्रसंग मी नवीन येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते.

पल्लवी डोंबिवलीला राहते. आमच्या सोसायटीत तिचं माहेर. एका दुपारी ती दहा महिन्यांच्या इराला कडेवर घेऊन आली. हातात बटण दाबलं की गाणारं पुस्तक. सकाळपासून गात नाही, तुम्ही दुरुस्त करता का, असं विचारत होती.

विजूताईंनी पुस्तक उलटं केलं. मागचं झाकण नव्हतं. आत एका बटण बॅटरीची जागा, आणि ती रिकामी.

त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, बाळ सकाळपासून जेवलंय का. पल्लवी म्हणाली, दात येतायत, त्यामुळे नुसती लाळ गळतेय, खिमटी पण थुंकून टाकली.

विजूताई चप्पल न घालता धावत गेटवर गेल्या. रिक्षा थांबवली, पल्लवीला बसवलं, स्वतः बसल्या. जाता जाता तिला म्हणाल्या, "तोंडात काही घालू नकोस, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांना आधी बॅटरी सांग, बाळाचं नाव नंतर."

एक्स-रेमध्ये ती दिसली. छातीच्या मधोमध, नाण्यासारखी गोल. अन्ननलिकेत अडकलेली. तासाभरात काढली. डॉक्टर म्हणाले, आतून भाजायला सुरुवात झालेली, संध्याकाळ केली असती तर आम्ही काही सांगू शकलो नसतो. आठ दिवस इरा हॉस्पिटलमध्ये होती. आता धावते, आणि आमच्याकडची पुस्तकं फाडते.

त्या दिवशी परत आल्यावर विजूताईंनी आधी पाय धुतले. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन बॅटरीवरच्या प्रत्येक खेळण्याचं झाकण तपासायला बसल्या. मी विचारलं, मला तर नुसतं बंद पडलेलं पुस्तक दिसलं, तुम्हाला कसं दिसलं?

त्या म्हणाल्या, "कारखान्यात आम्ही काय आहे ते बघायचो नाही गं. काय नाही ते बघायचो."

०

हिरूआजी इथल्याच, मूळच्या. आता जिथे टॉवर आहेत तिथे त्यांची शेतं होती, खाडीकडे मिठागर होतं. नातू विहान इंग्रजी शाळेत. एकदा आजीच त्याला घेऊन आल्या. त्याला पुस्तक हवं होतं आणि वाचून आजीनेच दाखवायचं होतं.

आजी संकोचल्या. मला म्हणाल्या, "मना वाचाला येत नाय." मी त्यांना शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक दिलं. एक पक्षी, पाणी, पाऊलवाटा, एवढंच.

पुढच्या आठवड्यात विहानने ते परत द्यायला नकार दिला. आजीने सांगितलेली गोष्ट त्याने वर्गात सांगितली, आणि पुस्तक परत आल्यावर दुसरी मुलं तेच मागायला लागली. एक आई ते घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. यात गोष्टच नाही, म्हणाली. मुलगी रडतेय, की मीठ कुठे गेलं?

मग आम्ही आजींनाच बोलावलं. त्या जमिनीवर बसल्या, पहिलं पान उघडलं आणि सांगायला लागल्या. तो पक्षी म्हणजे त्यांच्या मिठागरावर यायचा तो. वाटा म्हणजे बांध. उन्हात पाणी कसं जाड होत जातं, पायाखाली पहिला खडा कसा टोचतो, बाप टोपली डोक्यावर घेऊन कसा चालायचा. मुलं पानावर वाकून मीठ शोधत होती. मीसुद्धा शोधत होते. त्या पुस्तकातलं शेवटचं पान पांढरं आहे. इतकी वर्षं मी ते कोरं समजत होते.

०

खोपटच्या डेपोत एसटी चालवणारे एक ड्रायव्हर एकदा खाकी कपड्यांतच आले. बरोबर सहा वर्षांची मुलगी, तन्वी. जन्मापासून दिसत नाही. त्यांनी खाली बघत विचारलं, हिला एखादं पुस्तक मिळेल का. तन्वी शेल्फवरच्या पुस्तकांच्या पाठींवरून हात फिरवत उभी होती.

मी आणि विजूताईंनी पंधरा दिवस बसून कापडाचं पुस्तक शिवलं. पॉलिश पेपरचा रस्ता, काथ्याचं झाड, सॅटिनची नदी, कापसाचे ढग. ड्रायव्हरच्या पानासाठी तिच्या वडिलांचा जुना शर्ट मागून घेतला. विजूताईंनी प्रत्येक बटण तीनदा ओढून बघितलं.

तन्वीने त्या पानावर हात ठेवला, मग गाल ठेवला आणि म्हणाली, "हे पप्पा." वडील बाहेर जाऊन गेटपाशी उभे राहिले.

मग ती दर शनिवारी यायला लागली. एका शनिवारी खोलीत तिच्याशिवाय नऊ मुलं होती. शेजारी बांधकाम चालू, धुळीमुळे आम्ही शटर पूर्ण खाली ओढलेलं. खिडकी नाहीच. आणि लाईट गेली. भरदुपारी गुडूप अंधार. एक मूल रडलं, मग सगळी. कोणीतरी ब्लॉक्सवर पडलं. मी मोबाईल चाचपत होते, तो सापडेना. विजूताई शटरकडे जायचा प्रयत्न करत होत्या, पण पायात मुलं.

कोपऱ्यातून तन्वीचा आवाज आला. नेहमीसारखाच, शांत.

"रडू नका. पुस्तकाला लाईट लागत नाही. इकडे या, हात द्या."

मुलं सरपटत आवाजाकडे गेली. मला फक्त ऐकू येत होतं. हा रस्ता, खरखरीत आहे, हळू जायचं. हे झाड. आता नदी आली, बोट घसरतं बघ. थांब, तिचा नंबर आहे, मग तुझा. रडणं कधी थांबलं ते मला कळलं नाही.

वीसेक मिनिटांनी पंखा फिरला, ट्यूब लागली. तन्वीभोवती नऊ मुलं गोल करून बसलेली. नऊच्या नऊ डोळे मिटून. शटरपाशी पोहोचूनही ते न उघडता उभ्या असलेल्या विजूताईंचेही डोळे मिटलेले.