डबलबेलचं बारावं पोस्टकार्ड

माणूस निवृत्त झाला की एकतर बागेतल्या बाकावर बसतो, नाहीतर बायकोच्या डोक्यावर. गल्लीतले डबलबेल दोन्हीकडे बसले नाहीत. ते लोकांच्या घरात घुसायला लागले.

चौतीस वर्षं त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी केली. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच यांच्या डोक्यात दोनदा घंटी वाजायची आणि हे पुढच्या विषयाला निघायचे, म्हणून हे नाव. बायकोसुद्धा भांडताना तेच वापरते.

आता घुसण्याचं कारण. त्यांच्या आजोबांचा फोटोचा स्टुडिओ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात सैनिकांच्या तुकड्या उतरायच्या आणि त्यांना घरी पाठवायला शहराची चित्रं लागायची. आजोबांनी टाऊन हॉल, पूल, स्टेशन, नाट्यगृह अशा चोवीस ठिकाणांची पोस्टकार्डं छापली. कार्डं विकायला कुणाची ना नव्हती, पण रस्त्यात कॅमेरा उभा केला की पोलीस हेर समजून धरायचे. मग आजोबा ओळखीपाळखी काढून कुणाच्या तरी घरात शिरायचे आणि खिडकीतून फोटो घ्यायचे. म्हणजे घुसखोरी ही घरचीच कला.

प्रत्येक कार्डाची एकेक प्रत घरात राहिली होती. वडील गेल्यावर दोघा भावांनी बारा-बारा वाटून घेतली. भांडण कार्डांवरून झालंच नाही. झालं ते कार्डं ठेवायच्या पत्र्याच्या डब्यावरून. डबा दादाकडे राहिला आणि दोघांचं बोलणं नऊ वर्षं बंद.

डबलबेलनी निवृत्त होताच पण केला की आपल्या बाराही कार्डांच्या खिडक्या शोधायच्या आणि आजोबा उभे राहिले तिथेच उभं राहून तोच फोटो पुन्हा काढायचा. अकरा झाले होते. नाट्यगृहासाठी ते दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवर चपला काढून चढले. डॉक्टरच्या खणात चॉकलेटांचा डबा असतो, ही बातमी गल्लीला तेव्हाच कळली. पुलासाठी मुलींच्या वसतिगृहात गेले, तर तिथल्या बाई हातात झाडू घेऊन शेवटपर्यंत मागे उभ्या होत्या. फोटो थोडा हललेला आहे.

राहिलं होतं बारावं, गिरणीचं धुराडं. आणि सोमवारी गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली : धुराडं गुरुवारी सकाळी दहाला सुरुंग लावून पाडणार. डबलबेलच्या पायाला भिंगरी लागली. धुराडंच पडलं तर खिडकी सापडून काय उपयोग?

कार्डात धुराडं पाण्याच्या टाकीच्या शिडीला अगदी चिकटून दिसतं. टाकी जागची हललेली नाही आणि धुराडंही नाही. म्हणजे नकाशावर दोघांना जोडणारी रेघ पुढे वाढवली की खिडकी त्या रेघेवरच असणार. त्यांनी बसमार्गांचा जुना नकाशा जेवायच्या टेबलावर अंथरला, रेघ मारली आणि रेघेवरची घरं धरली. सोमवारी शिंप्याचा माळा, मंगळवारी गाण्याच्या बाईंचं स्वयंपाकघर, बुधवारी एका वकिलाची गॅलरी. कुठे शिडी डावीकडे, कुठे मध्ये नवी इमारत. शिवाय कार्डाचे चारही कोपरे काळे होते, बांगडीतून बघावं तसे. तो छपाईतला दोष, असं घरात सगळे पहिल्यापासून मानून चालले होते.

गुरुवारी सकाळी साडेआठला बायको टेबल पुसायला आली आणि नकाशाशी थबकली.

"अहो, ही रेघ फूटपट्टीने मारलीत?"

"मग काय चमच्याने?"

"मग इथे पोटात कळ आल्यासारखी वाकलीय कशी?"

डबलबेलनी चष्मा चढवला. रेघ सरळ येत होती, एका घरापाशी हळूच वळसा घेत होती आणि पुन्हा शहाण्यासारखी सरळ जात होती. ते घर दादाचं होतं.

"आयुष्यभर कंडक्टर होतात ना? वळण मात्र ड्रायव्हरला लाजवेल असं घेतलंत!"

"तिथे काही नाहीये. मी जन्मलोय त्या घरात. एकाही खिडकीतून धुराडं दिसत नाही."

"बाथरूमच्या?"

"तिची काच काळी आहे. युद्धात विमानांना उजेड दिसू नये म्हणून आजोबांनी सगळ्या काचांना काळा रंग..."

वाक्य तिथेच राहिलं. या खेपेला स्वतःचंच वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं आणि ते पायात सपाता तशाच ठेवून बाहेर पडले. "शर्टाचं बटण!" असं बायको ओरडली तोवर कोपरा ओलांडलाही होता.

दार वहिनीने उघडलं. नऊ वर्षांनी दीर दारात, धापा टाकतोय.

"वहिनी, मला तुमच्या बाथरूममध्ये जायचंय."

"इश्श! नऊ वर्षं थांबलात भावजी, आणि आता एवढी घाईची लागली?"

आतून वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "त्याला म्हणावं, चौकात सार्वजनिक आहे."

डबलबेल आत घुसले. कार्ड पुढे धरलं, टाकी, शिडी, रेघ, सगळं एका दमात सांगून टाकलं. वहिनीचं लक्ष मात्र काळ्या कोपऱ्यांवर.

"अगोबाई, ते गोल! मी लग्न होऊन आले ना, तेव्हा त्या काळ्या काचेत बरणीच्या झाकणाएवढा रंग खरवडलेला होता. मला वाटलं, बाहेरून कुणी डोकावेल. दाराचा उरलेला तपकिरी रंग दिला फासून. म्हणजे मी सासऱ्यांच्या वडिलांच्या कॅमेऱ्यालाच रंग फासला होय!"

वर्तमानपत्र खाली आलं.

"आणि तुम्ही, भावजी, काखेत कळसा नि गावाला वळसा! लोकांच्या माळ्यांवर चढलात, पण आपल्या घराची पायरी चढवेना!"

साडेनऊ झाले होते. काच छताजवळ, पक्की बसवलेली, उघडायची सोय नाही. बाथरूममध्ये स्टूल एकच. त्यावर डबलबेल चढले, तर दादाही चढला.

"उतर. बाथरूम माझं आहे. मी खरवडणार."

"कार्ड माझं आहे."

"डबाही माझा आहे."

"डब्यात घाल तुझा डबा!"

वहिनीने खालून दोघांच्या हातात एकेक सुरी दिली. साठी उलटलेले दोन भाऊ एका स्टुलावर, पडू नये म्हणून एकमेकांची कॉलर धरून, काच खरवडू लागले. गिरणीचा इशाऱ्याचा पहिला भोंगा वाजला. पावणेदहा. तपकिरी रंग पापुद्र्यांनी दोघांच्या टकलांवर पडत होता.

"हळू रे! काच फोडशील."

"तू बाजूला घे ना कोपर!"

आणि एकदम उजेडाचा दांडा आत घुसला. डबलबेलनी डोळा लावला. टाकी. शिडी. शिडीला चिकटून, केसाएवढीही फट न ठेवता, धुराडं.

"दादा! तेच! अगदी तेच रे!"

त्यांनी मोबाइल काचेला टेकवला. दादाने त्यांचं मनगट घट्ट धरलं. पहिला फोटो अंगठ्याचा आला. दुसऱ्यात टाकी, शिडी, धुराडं आणि चारही कोपरे काळे. आजोबांचं कार्ड जणू आत्ताच छापून आलं होतं.

तेवढ्यात शेवटचा भोंगा. आता भोक एक आणि डोळे चार. आयुष्यात ज्याने कुणाचं वाक्य पुरं ऐकून घेतलं नाही, त्या माणसाने मान मागे घेतली.

"तू बघ."

"आँ? अरे, मग तू?"

"मी काढलाय फोटो. तू बघ आणि मला सांग. काहीही गाळू नकोस."

दादाने डोळा लावला. वहिनी दारात पदर तोंडाशी धरून उभी.

"हं. धूर. बुडाशी धूर आलाय. कावळे उडाले. अजून उभंच आहे, हलत नाहीये... थांब, थांब, ढकलू नकोस... कललं! अरे, कललं! तुझ्या बाजूला कललं!"

"माझी बाजू कुठली रे? नीट सांग ना!"

"डावी, गाढवा, डावी! गुडघ्यात मोडल्यासारखं झालं... आलं खाली! आलं, आलं, आलं!"

घर हादरलं, बादलीतलं पाणी थरथरलं, आणि डबलबेल दादाच्या खांद्याला धरून ओरडत होते, "पुढे? दादा, पुढे काय?"