छाप न वाचणारे मिस्तरी

मिस्तरी कुठल्याही वस्तूवरचा छाप वाचत नसत. गाडीचा सुटा भाग हातात आला की आधी तो खोक्यातून काढायचा, रॉकेलमध्ये बुडवून वरचं रंग-तेल उतरवायचं आणि खोकं मागे फेकून द्यायचं. महागावच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं छप्पर होतं. त्याच्या मागं अमेरिकन, विलायती, पंजाबी अशा सगळ्या खोक्यांतून त्यांच्या कोंबड्या अंडी घालत बसलेल्या असत. मी एकदा विचारलं, "मिस्तरी, निदान कुठला माल आहे एवढं तरी वाचाल की नाही?" तर म्हणाले, "डब्बा कोंबडीच्या कामाचा, बापू. आपलं काम आतल्या लोखंडाशी."

लढाईच्या काळात आसामात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून ते परत आले होते. सत्तावन्न साली त्यांनी आमच्यासोबतच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी तेव्हा आमच्या वस्त्यांसाठी काम करणाऱ्या समितीची पत्रकं लिहायचो. लिहायचो कसला, ओरडायचो. प्रत्येक वाक्याला दोन उद्गारचिन्हं. मिस्तरी मला 'पत्रकवाले' म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणतात असं मी बरीच वर्षं समजत होतो.

समितीकडे लष्कराच्या भंगारातून घेतलेली एक जुनी जीप होती. ऐन गरजेच्या वेळी तिचा डिफरन्स बसला. डिफरन्स म्हणजे मागच्या दोन चाकांमधला तो लोखंडी गोळा. इंजिनाचा जोर त्यातूनच चाकांना मिळतो. आत दोन दातेरी चाकं असतात, मोठं क्राऊन आणि छोटं पिनियन. दोन्हींचे दात पार उडाले होते. आणि गरज ही की डोंगरातल्या एका वस्तीवर आमच्या लोकांच्या बारा घरांना गावानं वाळीत टाकलं होतं. काय गुन्हा? मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाले! झालं. मजुरी बंद, दुकान बंद, पिठाची गिरणी बंद. धान्य आम्ही गोळा केलं, तर भाड्यानं बैलगाडी द्यायला कुणी तयार नाही. नाल्यातून वर चढून जाईल अशी एकच गोष्ट आमच्याकडे होती, आणि ती मिस्तरींच्या छपराखाली विटांवर उभी होती.

मी एस.टी.नं नागपूरला गेलो आणि पुष्कळ दुकानं पालथी घालून ओरिजनल जोडी घेऊन आलो. तेलकट कागदात गुंडाळलेली, खोक्यावर इंग्रजी अक्षरं, सगळा थाट. येऊन पाहतो तर मिस्तरींनी आपल्या पत्र्याच्या पेटीतून दुसरी जोडी काढून ठेवलेली. पंजाबातल्या कुठल्याशा कारखान्यात बनलेली, नावगावाचा पत्ता नाही. माझं डोकं सटकलं. "बारा घरांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तुम्ही हा नकली माल बसवणार? ह्याचं मूळ काय, कूळ काय?"

मिस्तरींनी हात पुसले. मग म्हणाले, "पत्रकवाले, तुमी पत्रकात काय लिवता? जन्मावरून माणूस पारखू नोका, हेच ना? मंग लोखंडाच्या दाताले कूळ कायले इचारता?"

मी माझ्या ओरिजनल जोडीचं खोकं पुढं सरकवलं. त्यांनी खाली बसून एक डबी उघडली, आणि आत शेंदूर! मी उसळलोच. "अहो, शेंदूर फासलेले देव आपण नदीत सोडले आणि तुम्ही अजून डबी भरून ठेवलीय? बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना तुम्ही?"

मिस्तरी पोट धरून हसले. "अवो, पूजा नाई करून राह्यलो! दगडाले लावला त दगड काई बोलत नाई. दाताले लावला त दात खरं बोलते. पाहा तरी." शेंदूर तेलात कालवून त्यांनी माझ्या ओरिजनल क्राऊनच्या दातांना बोटानं पातळ फासला, पिनियन बसवून हातानं फिरवलं. जिथं दात दाताला टेकला तिथला शेंदूर पुसला गेला. खूण पार दाताच्या टोकाशी, कडेला; ती मधोमध यायला हवी. मिस्तरींनी सगळं खोललं, मधे पातळ पत्र्याची चकती घातली, पुन्हा बसवलं. खूण दुसऱ्या कडेला. पुन्हा खोललं. असं दिवसभर चाललं. मीच कंटाळून म्हटलं, "जाऊ द्या ना." तर म्हणाले, "नाई. तुमच्या मालाले पुरा मौका भेटला पायजे. मंग कोणी म्हणू नये का मिस्तरीनं पैलेच ठरवलं होतं."

शेवटी ते दोन्ही भाग उन्हात घेऊन गेले आणि मला आकडे दाखवले. क्राऊनवर एक आकडा कोरलेला, पिनियनवर दुसराच. "हे दोघं कारखान्यात एकमेकासंगं घासून जोडीनं निंघते. दोघाईवर आकडा एकच पायजे. दुकानात कोणाच्या तरी हातानं अदलाबदल झाली. माल असली हाय, जोडी असली नाई." मला नागपूरच्या त्या दुकानदारावर एक पत्रक लिहावंसं वाटलं.

मग पंजाबी जोडी. तिच्या दातावर त्यांनी आधी कानस ओढली. कानस घसरली, ओरखडाही उठला नाही. "पोलाद कडक हाय." शेंदूर लावला, फिरवली. दोनदा चकत्या बदलल्यावर खूण दाताच्या मधोमध आली, बोराएवढी, प्रत्येक दातावर सारखी. मिस्तरी त्या खुणांकडे बराच वेळ पाहत होते. मी त्यांच्याकडे. मोठमोठ्या सभांत मोठमोठे लोक सत्यावर बोलताना मी ऐकले आहेत. एवढं सरळ तपासलेलं सत्य मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"पण चालेल ना?" मी विचारलं.

"मी बसवून राह्यलो त मीच चालवतो," ते म्हणाले.

मिस्तरी आज नाहीत. पुढं ते वणीकडे खाणीवरच्या गाड्यांच्या कामावर गेले आणि तिथंच तापानं गेले. मला कळलं ते फार उशिरा. म्हणून मी त्यांचा निरोप घेतला असं म्हणायचं तर धान्याच्या त्या फेरीतच घेतला.

पोत्यांवर मी बसलेलो, स्टिअरिंगवर मिस्तरी. वाटेत तीनदा गाडी थांबवून त्यांनी मागच्या गोळ्यावर तळहात ठेवून तो किती तापला ते पाहिलं. "हात ठेवता येते तवर चिंता नाई." मी काहीतरी बोलू लागलो तर, "चूप बसा जराक. गोळा काय म्हणते ते आयकू द्या."

नाल्याच्या काठावर गावातली दहा-पंधरा माणसं आधीच येऊन बसली होती. जीपमध्ये काय बसवलं हे महागावच्या हॉटेलातून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यातला एक ओरडला, "काय मिस्तरी, नवा धरम, नवा पुरजा! पाहू दोनी किती दिस टिकते!" सगळे हसले. मी उत्तर द्यायला उभा राहिलो, तर मिस्तरी मागं न बघता म्हणाले, "खाली बसा. वजन मागं पायजे."

नाल्याच्या मध्यावर एक चाक गोट्यांवर फिरू लागलं. मागून ठक्‌ असा आवाज आला. तिथं दात तुटला असता तर ती बारा घरांची पोती त्या माणसांसमोर पाण्यात बसली असती. मिस्तरींनी गाडी हातभर मागं सोडली, चाक दगडावरून सरकवलं आणि घाई न करता पुन्हा जोर दिला. घर्रर्र. गाडी काठ चढली. बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही.

वस्तीवर पोती उतरली, इंजिन चालूच होतं. मी खिशातून भाषणाचा कागद काढला, लोक जमतील म्हणून जीपच्या पायरीवर उभा राहिलो. कुणी आलं नाही. बाया पोत्यांतली ज्वारी सुपात घेऊन घराघरांत गेल्या होत्या. एक म्हातारी तेवढी तांब्याभर पाणी घेऊन आली आणि मिस्तरींना म्हणाली, "लेका, नाव काय तुहं?"

मिस्तरींनी नाव सांगितलं नाही. "पाणी दे माय," म्हणाले, आणि तांब्या एका दमात रिकामा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्रकवाले, इंजन बंद करा."

मी किल्ली फिरवली. बाराही घरांतून जात्यांची घरघर येत होती. मिस्तरी मान जरा वाकडी करून ती ऐकत उभे होते, अगदी गोळ्याचा आवाज ऐकावा तसे. मी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.