न थकलेलं तेल

मोटार विकत घ्यायची आणि तिचं इंजिन सुरू होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं, असा माणूस ग्वाल्हेरात एकच झाला आणि माझं नशीब थोर म्हणून तो माझा घरमालक निघाला. माधवगंजात त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो. माझं गाव तासगाव. शाळा नववीत सुटलेली. हात मात्र गाड्यांत बसलेला, म्हणून इतक्या लांबच्या एका वर्कशॉपात चिकटलो. पहिल्याच आठवड्यात पायावर पाना पडला आणि मी "आई गं!" म्हणून ओरडलो. शेजारी सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीच्या बॉनेटखालून तिच्या मालकाचं पांढऱ्या मिशांचं डोकं वर आलं. "मराठी का रे? मग खोली शोधून नको राहू. सामान उचल आणि चल." झालं, त्या दिवसापासून ते काका आणि त्यांची बायको काकू.

काकांची गाडी हायब्रिड. हळू चालवली की ती बॅटरीवर, आवाज न करता जाते. जोर लागला की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. हे इंजिन म्हणजे काकांच्या लेखी आत्ताच डोळा लागलेलं तान्हं बाळ. पाय ते असा ठेवायचे की खाली जणू अंडं आहे. नया बाजारात एकदा एक वरात नाचत नाचत आमच्या पुढे निघून गेली, घोड्यासकट. मागून रिक्षावाले ओरडायचे, "चाचा, धक्का लगाएं क्या?" काका मान बाहेर काढून अदबीने म्हणायचे, "नहीं भैया, आप निकलो." एवढं करूनही चढावर इंजिन घरघरलंच, तर काका कळवळून म्हणायचे, "उठलं! हळू बोला रे, हळू बोला." जणू आमच्या बोलण्यानेच ते जागं झालं होतं.

हीटर लावला की इंजिन सुरू होतं, म्हणून हीटर बंद. ग्वाल्हेरची डिसेंबरची थंडी ज्याने खाल्ली आहे त्याला काकूंची दशा कळेल. दोन शाली, कानटोपी आणि मांडीवर रबराची गरम पाण्याची पिशवी अशा थाटात त्या 'खासगी बाजार' नावाच्या पेठेत भाजी आणायला जायच्या. "ह्यांच्या गाडीपेक्षा टांगा बरा होता. निदान घोडं तरी गरम असायचं," असं त्या म्हणत. त्यावर काका मला डोळा घालायचे. "बघ, मस्करी करून राहिली आहे."

आणि तेल! इंजिनात घालायचं ते सिंथेटिक तेल काका डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून आणत. मात्र एकदा घातलं की बदलायचं नाव नाही. मी सांगायचो, "काका, वर्ष उलटून गेलं." ते म्हणायचे, "पण चाललं किती? गाडी चालली थोडी, त्यातलं निम्मं बॅटरीवर. तेल थकलंच नाही, तर बदलायचं कशाला?" ह्या हिशोबापुढे आमचं अख्खं वर्कशॉप हात टेकायचं.

तिसऱ्या हिवाळ्यात कंपनीने गावातली आपली दोन वर्कशॉपं एक करायचं ठरवलं. माणसं झाली जास्त. यादी लागली, आणि माझ्या नावापुढे लिहिलं होतं 'विचाराधीन'. नव्या फोरमनने सरळच सांगितलं की हातात कसला दाखला नाही, तर ठेवायचं कशावर? मला जेवण जाईना. काका म्हणाले, "अरे, विलीनीकरण आमच्या घराला नवं नाही. माझे वडील संस्थानी फौजेत होते. संस्थान विलीन झालं त्या वेळीही आधी कागद इकडचे तिकडे झाले, मग माणसं. तू आधी पोळी खा."

त्याच आठवड्यात काकांची गाडी वर्कशॉपात तपासणीला आली. फोरमनने तेल घालायच्या तोंडाचं झाकण काढलं. आतून ते पांढरट, लोण्यासारखं बरबटलेलं! "हेड गास्केट गया," फोरमन म्हणाला. "कूलंट तेल में जा रहा है. इंजन खोलो."

काका मटकन स्टुलावर बसले. मला मात्र राहवेना. मी म्हणालो, "साहब, कूलंटचं पाणी टाकीत थेंबभरही कमी नाही झालेलं. इंजिन कधी तापतच नाही. थंडीत आत ओल धरते, ती उडून जात नाही, तेलात मिसळते. तेल बदलू, तासभर हायवेवर पळवू आणि मग झाकण बघू."

"ठीक है," फोरमन म्हणाला. "गलत निकले तो लिस्ट से नाम मैं खुद काटूंगा. क्यों साहब, गाड़ी आपकी है, किसकी मानेंगे?"

एकीकडे इंजिन उघडायचं, दुसरीकडे ते तासभर चालवायचं. काकांना दोन्ही सारखंच भयंकर. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "ह्याची."

जुनं तेल खाली पडताना काका लेक सासरी निघाल्यासारखे उभे होते. "न थकलेलं होतं रे." मी बोट बुडवून त्यांच्या नाकाशी धरलं. न जळलेल्या पेट्रोलचा वास! "काका, थकलं नाही, पण बसून बसून बिघडलं."

नवं तेल घातलं, झाकण पुसून लख्ख केलं आणि काकूंना घेऊन आम्ही झाशीच्या रस्त्याला लागलो. इंजिन गर्जत होतं. काकांच्या कपाळावर घाम. मी घाबरतच हीटर लावला. काकूंनी आधी कानटोपी काढली, मग एक शाल, मग दुसरी, आणि शेवटी त्या चक्क गाणं गुणगुणू लागल्या. काकांनी त्या शालींकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तीन हिवाळे हिला गारठवलं की रे मी."

परत आल्यावर फोरमनने स्वतः झाकण उघडलं. स्वच्छ. तेल मोजायची पट्टी ओढली, तर तेल मधासारखं. सोमवारच्या यादीत माझं नाव पक्कं होतं.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. "बरं झालं बाबा, नोकरी टिकली," ती म्हणाली. टिकली म्हणजे मी आता परत येत नाही, हे दोघांनाही एकदमच कळलं होतं.

फोन ठेवून मी जिन्यात बसलो होतो. काका वर आले. माझ्या हातातला फोन बघून ते शेजारच्या पायरीवर टेकले.

"रविवारी इंजिन तापवायचं आहे न? तू पण चल."

"कुठं जायचं, काका?"

"दक्षिणेकडे," ते म्हणाले. "दर रविवारी दक्षिणेकडेच जाऊ. चाळीस तर चाळीस किलोमीटर. तेवढं तरी तुझं गाव जवळ येईल."