सिरियस आहे, पाठवून द्या

आमच्याकडे फोनवर मरण सांगत नाहीत. माणूस गेलेला असतो, अंगण माणसांनी भरलेलं असतं, आणि निरोप येतो, "सिरियस आहे, पाठवून द्या." ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं आणि ज्याला पाठवायचं त्याला समजू द्यायचं नाही. आधी बास्केटबॉल खेळून आणि पुढे तोच शिकवून मी पोट भरलं. दोन्ही काळांत हा निरोप इतक्यांदा ऐकला की त्याचा अर्थ मला कोणाला विचारावा लागत नसे. निदान मला तसं वाटत असे.

पहिला निरोप माझाच. तेव्हा मी एका सरकारी खात्याच्या संघात होतो. खात्यानं मला कारकून म्हणून घेतलं होतं, पण माझं टेबल कुठे आहे हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातला मी, सहा फूट तीन इंच. गावात या उंचीचा उपयोग जांभळं पाडण्यापुरताच होता. अमरावतीला शिकायला आलो, तिथे कोणीतरी हातात चेंडू दिला आणि आयुष्य मार्गी लागलं. दूरच्या एका शहरात आमची फायनल होती. सकाळी वडील सिरियस असल्याची तार आली, ती मॅनेजरनं वाचून खिशात घातली. मी त्या दिवशी एकतीस गुण केले. इतके त्याआधी केले नव्हते, त्यानंतरही नाही. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, खाली उतरवलं, मग मॅनेजरनं तार हातात दिली. सगळे म्हणाले, मॅनेजरनं योग्य केलं, आधी सांगितलं असतं तर पोरगा खेळला नसता. मीही त्याचा हात हातात घेऊन थँक यू म्हणालो.

गावी पोचलो तो तिसरा दिवस होता. राख गार झाली होती. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसला आहे. धक्का-बिक्का काही नव्हता. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल चाचपून पाहावा, तसं मी आत काही लागतंय का ते चाचपत राहिलो. पुढे तेच अंगवळणी पडलं. लग्न झालं, गुडघा गेला, खेळ सुटला. प्रत्येक वेळी लोकांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळायचं की आता काहीतरी वाटायला हवं.

गुडघा गेल्यावर अमरावतीला मुलींच्या संघाला शिकवू लागलो. ती कापसाची वाईट वर्षं होती. वर्तमानपत्राचं पहिलं पान रोज सारखंच असायचं, म्हणून आम्ही मागचं आधी उघडायचो. दर हंगामात एकदोन मुली कमी व्हायच्या. हॉलच्या ऑफिसात फोन वाजायचा, म्हातारे शिपाई चपला सरकवत कोर्टाच्या कडेनं माझ्यापर्यंत यायचे आणि कानाशी लागून सांगायचे, "सर, सिरियस आहे म्हणते, पाठवून द्या." मॅच नसेल तर मी लगेच मुलीला गाडीत बसवून द्यायचो. मॅच असेल तर मॅच झाल्यावर. गेलेला माणूस दोन तासांत आणखी काय जाणार आहे? हा माझा नियम होता आणि तो मी त्या मॅनेजरकडून उचलला होता. कोणाला तो चुकीचा वाटला नाही.

त्या संघातली माझी सगळ्यात चांगली खेळाडू बार्शीटाकळीची होती. बुटकी, काटक, जिभेला हाड नसलेली. तिचे वडील अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर. कापूसच येईना, तेव्हा जिनिंग वर्षातून दोन महिने चालायची आणि बाकीचे दिवस ते दारात सायकलींची पंक्चरं काढायचे. पोरीला खेळू द्यायला तेच तयार होते, बाकी घर तिच्या लग्नाच्या मागे होतं. मला ती म्हणाली होती, "राज्याच्या संघात नाव आलं तर बाबा म्हणते, शिक अन् खेळ. नाई आलं तर उन्हाळ्यात उरकून टाकते मले." उरकून टाकते हा शब्द तिनं हसत वापरला होता.

निवडीची मॅच रविवारी सकाळी अकराला होती. निवड करणारे तिघं आधीच येऊन खुर्च्यांवर बसले होते. साडेदहाला शिपाईकाका आले. "सर, बार्शीटाकळीवाल्या पोरीचे बाबा अकोल्याच्या दवाखान्यात आहे. तिच्या मामाचा फोन होता. सिरियस आहे, लवकर पाठवा म्हणते."

मी कोर्टाकडे पाहिलं. ती रिंगखाली बुटाची नाडी बांधत होती. मी काकांना म्हणालो, "बरं. मी सांगतो तिले." ते गेले. मी शिट्टी वाजवून पोरींना गोळा केलं आणि कोणी कोणाला अडवायचं ते समजावून सांगितलं.

ती मॅच मला पूर्ण आठवते. तिचे अठरा गुण आठवतात, शेवटच्या मिनिटात दोघींच्या मधून काढलेला पास आठवतो. निवड करणाऱ्यांपैकी एकानं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे तिचं नाव पक्कं झालं. साडेबारा वाजले होते. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "चाल, अकोल्याले जाऊ. तुह्या बाबाची तब्येत बिघडली."

"फोन कवा आला, सर?"

"आत्ताच."

एका मित्राची जीप घेतली. रस्त्यात ती एकदाही रडली नाही. बडनेरा मागे पडल्यावर तिनं मला विचारलं, "आहे ना ते?" मी आहे म्हणालो. मी खोटं बोलतो आहे याची मला खात्री होती. खरी गोष्ट अशी की त्या घडीला ते होते.

आम्ही तीनच्या सुमारास पोचलो. वडील दोनला गेले होते. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात आणलं, दुपारी दुसरा झटका आला. तिची आई जमिनीवर बसली होती. ती कोणाकडेही न बघता म्हणाली, "एक वाजेलोक बोलत होते. पोरीले बलावलं का, पोरीले बलावलं का, हेच."

मामा शहाणा माणूस नव्हता. त्यानं सिरियस म्हटलं होतं आणि त्याला सिरियसच म्हणायचं होतं.

तोच मामा भाचीला म्हणाला, "कावून उशीर केला वं? मी तं साडेदहालेच फोन केला होता."

ती माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्यावर तिला काही दिसलं नसणार, तिथे काही नसायचंच. मग ती मामाला म्हणाली, "सरले साडेबाराले सांगतलं. शिपायानं दाबून ठेवला निरोप."

मी गप्प राहिलो. त्या वेळी बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पुढच्या आठवड्यात बोललो असतो तरी चाललं असतं. पण ती राज्याच्या संघात गेली, तिचं लग्न लांबलं, तिच्या आईनं मला तीळगूळ पाठवला, आणि दर वर्षी ते वाक्य आणखी जड होत गेलं. शिपाईकाकांनी मला कधी काही विचारलं नाही. ते रोज मला चहा आणून द्यायचे आणि मी प्यायचो. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, तेव्हा आली नव्हती.

आता ती अकोल्याच्या एका शाळेत मुलींना शिकवते. गेल्या थंडीत एका सकाळी तिचा फोन आला. मागे चेंडू आपटल्याचे आवाज येत होते.

"सर, माह्या एका पोरीच्या घरून फोन आला. तिची आई सिरियस आहे म्हणते. अर्ध्या तासात फायनल आहे. आता सांगू, का मॅच झाल्यावर? तुमी काय करत होते?"

"आत्ता सांग."

"पन गेलीच असन तं? तसंच सांगतेत ना लोकं."

"असू दे. ते आपन ठरवाचं नाई." मग मी ते वाक्य बोललो. "तुह्या बाबाचा निरोप शिपाईकाकानं मले साडेदहालेच देला होता. मॅचच्या आधी. मीच ठेवला."

चेंडूंचे आवाज येत राहिले. तिनं शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

"काका वारले, सर," ती म्हणाली. "तीन वर्षं झाले."

"मालूम आहे."

"लग्नाची पत्रिका घेऊन आली होती मी हॉलवर. साऱ्यायले देली. ते दारात हात पुसत उभे होते. मी त्यायच्या बाजूनं निंघून गेली."

मी तिचं नाव घेऊन हाक मारली.

"ठेवते," ती म्हणाली. "पोरीले गाडीत बसवून देते म्हणून सांगतलं मी तिच्या घरी."