बाण कुणाचा

आमच्या द्राक्षबागेच्या बांधाला लागून फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांचं रान आहे. जवळच्या अभयारण्यातली हरणं कुंपण चुकवून आमच्या बागांत शिरतात. सुभेदारांकडे परवान्याची बंदूक आहे, पण ते फक्त हवेत बार काढतात. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय आहे, त्यामुळे समोरचा आपोआप गप्प होतो.

मागच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावानं पुण्याहून धनुष्य आणलं. "आण्णा, ह्याला आवाज न्हाई. हरीण मारलं तरी कुणाला कळायचं न्हाई," तो म्हणाला.

सुभेदार खाकरले. "म्हणूनच नगं. बंदुकीचा बार गावभर ऐकू जातो, मग मारणाऱ्याला जरा तरी लाज ऱ्हाती."

हरणं माझ्याही बागेचं नुकसान करत होती, म्हणून मी काही बोललो नाही.

आठवड्यानं सकाळी माझ्या बागेत एक मादी पडलेली दिसली. तिच्या मागच्या मांडीत बाण रुतला होता. सुभेदार आले, तिच्या डोळ्यांवर टॉवेल टाकून शेजारी बसले आणि त्यांनीच वनरक्षकाला फोन लावला. तो येईपर्यंत तिचा जीव गेला होता.

"बाण कुणाचा?" वनरक्षकानं विचारलं.

भाऊ तिथंच उभा होता. मी खाली मातीकडं बघत राहिलो.

"माझ्या भावाचा," सुभेदार म्हणाले.

आता खटला चालू आहे. तारखेला भावाला मोटारसायकलवर मागं बसवून सुभेदारच तालुक्याला नेतात.